माझ्या वाट्याला आलेली गोळी

रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेला चिमटा ९३ दाखवत होता आणि मला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. ११ जानेवारी २०२१ची रात्र, मला कोविड झालेला. इंग्लंडात तिसरं लॉकडाऊन लागून जेमतेम आठवडा झाला होता. लशीच्या रांगेत माझा नंबर यायला अजून महिना होता, कारण मी ६८ वर्षांचा आणि आधी सत्तरीच्या पुढचे. हिने १११ला, इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मदत-क्रमांकाला, फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे विचारून घेतलं, आकडा ऐकला आणि म्हणाली, ९२च्या खाली गेलं तर लगेच पुन्हा फोन करा. ही माझ्याकडे बघत होती. मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलो होतो, गावाकडे दम्याची माणसं बसतात तसा. हिने दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला आणि या खेपेला सरळ सांगितलं, "आकडा राहू दे, माणूस बघायला या."

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. १९७८ साली इंग्लंडात लेस्टरला आलो. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं तपासणी विभागात. मापं घेणं हा माझा धंदा. त्याहून जास्त, मापं घेणारी साधनं तपासणं. सहा महिन्यांनी प्रत्येक गेज कॅलिब्रेशनला जायचा, तारखेचं लेबल नसलेला गेज कोणी वापरला तर मी भांडायचो. तरीही त्या रात्री ऑनलाइन मागवलेल्या त्या चिमट्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला होता. धंदा कारखान्यात सोडून घरी आल्यावर माणूस किती भोळा होतो बघा.

ॲम्ब्युलन्सवाल्या मुलाने मला खोलीतल्या खोलीत चालायला लावलं. सहाव्या पावलाला मी दाराची चौकट धरली. त्याने चिमट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इस्पितळात मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं (ती सुई काय दुखते! नेहमीच्या शिरेतल्या सुईपेक्षा चौपट) आणि मग कळलं, ऑक्सिजन त्या आकड्यापेक्षा बराच खाली होता. यात एक ग्यानबाची मेख आहे, ती मला नंतर समजली. हे चिमटे बोटातून प्रकाश सोडून मोजतात, आणि सावळ्या-काळ्या कातडीतून ते आकडा थोडा चढा दाखवू शकतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मी आजारी पडायच्या महिनाभर आधीच, डिसेंबर २०२०मध्ये, हे आकड्यांनिशी छापलं होतं: रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असूनही चिमट्याने ते लपवलं, असं काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं होतं. ब्रिटनमध्ये सरकारने यावर स्वतंत्र चौकशी बसवली, तिचा अहवाल मार्च २०२४मध्ये आला. माझ्या बाबतीत तसंच झालं की तो चिमटाच टाकाऊ होता, हे मी सांगू शकत नाही. पण विज्ञानावर विश्वास आहे का असं कोणी विचारलं की मला आधी तो चिमटा आठवतो. मोजपट्टी कोणाच्या अंगावर बेतून केली, हे विचारायचा मला हक्क आहे. आणि ती चूक शोधून काढणारेही मोजपट्टी घेऊनच बसले होते.

सहा खाटांचा कक्ष. नाकात ऑक्सिजनच्या नळ्या, नंतर मास्क. दिवसातले काही तास पालथं झोपायचं, त्याने फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा खेळते म्हणे. उशीत तोंड खुपसून पडलं की कानावर फक्त मॉनिटरची पिपाणी. भेटायला कोणालाही परवानगी नव्हती. नर्स केरळची, तिच्या हाताखालची मुलगी फिलिपिन्सची, सफाईला येणारी बाई पोलंडची, समोरच्या खाटेवरचे आजोबा गुजराती. इंग्रज शोधावा लागत होता. केरळची नर्स मला 'अंकल' म्हणायची. त्या एका शब्दाने मला किती बरं वाटायचं ते इथल्या मुलांना नाही कळायचं.

औषध म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू झालं, रोज सहा मिलिग्रॅम, दहा दिवस किंवा घरी जाईपर्यंत. साखर थोडी होतीच, ती वर चढली, मग पोटात इन्सुलिनच्या सुया. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वेगळी नर्स आली, संशोधन विभागाची. गाऊन, मास्क, चष्मा, त्यामागे फक्त डोळे. हातात दोन-तीन पानांची माहिती. ती म्हणाली, "तुम्हाला डेक्सामेथासोन देतोय, ते उपयोगी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. त्याशिवाय आणखी काही औषधं आहेत, ती उपयोगी आहेत की नाहीत ते आम्हाला ठाऊक नाही. ते शोधायला तुमची मदत हवी आहे."

'आम्हाला ठाऊक नाही.' अडुसष्ट वर्षांत डॉक्टरी पेशातल्या कोणाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. आमच्या गावात डॉक्टर असं म्हणाला असता तर लोक दुसऱ्या दिवशी देवरुखचा डॉक्टर गाठते. माझे एक चुलते क्षयाने मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये कित्येक महिने पडून होते. आजी सांगायची, मिशनच्या डॉक्टरांना सगळं कळतं. चुलत्यांना काय देतात, का देतात, हे घरातल्या कोणी कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास केला तर गुण येत नाही, असा तो हिशेब.

त्या चाचणीचं नाव रिकव्हरी. ऑक्सफर्डने मार्च २०२०मध्ये सुरू केली होती, पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे या दोन प्राध्यापकांच्या नेतृत्वाखाली. देशभरातली पावणेदोनशेच्या वर इस्पितळं त्यात होती. डेक्सामेथासोनचा निकाल त्यांनीच जून २०२०मध्ये दिला होता: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही फायदा नाही, झाला तर अपायच. त्याच महिन्यात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन निकामी ठरलं होतं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र मला ते आठवड्याला एक घ्यायचा सल्ला डिसेंबरपर्यंत येत होता, आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी साबुदाण्यांसोबत.

मी हिला फोन केला. "अहो, तुमच्यावर प्रयोग करणार? गोऱ्यांवर करा म्हणावं आधी." मग थोडा वेळ ती गप्प. मग, "सही नका करू." एका मित्राचाही निरोप आला: आपल्या लोकांना इथे गिनिपिग करतात. त्याला हसण्यात अर्थ नाही. आपल्या लोकांवर जगात कुठे कुठे काय झालंय ते काही खोटं नाही, आणि लेस्टरमध्ये त्या वर्षी कोविडने कोणत्या गल्ल्या रिकाम्या केल्या ते आम्ही बघितलं होतं.

मी सही केली ती धाडसाने नाही. मी समोरच्या आजोबांकडे बघून केली. त्यांना काय द्यायचं ते डॉक्टरने आपल्या मनाने ठरवलं असतं, मला काय द्यायचं तेही मनानेच ठरवलं असतं, आणि आम्ही वाचलो किंवा मेलो तरी त्यातून कोणाला काहीच कळलं नसतं. तोही प्रयोगच, फक्त वहीत न लिहिलेला. कारखान्यात असा माल मी कधी पास केला नसता.

नर्सने माझं वय, ऑक्सिजन, मधुमेह वगैरे संगणकात भरलं आणि बटण दाबलं. कोणाला काय द्यायचं ते संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. उत्तर काही सेकंदांत. तीन वेगवेगळ्या सोडती होत्या. ॲस्पिरिन: नाही. बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) किंवा प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडी: दोन्ही नाहीत. कोल्चिसिन: हो. खरं सांगतो, प्लाझ्मा मिळाला नाही म्हणून मी खट्टू झालो. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातली ताकद आजाऱ्याला द्यायची, ही कल्पनाच अशी गोड आहे की ती चुकीची असेल असं मनाला पटत नाही. त्यापुढे माझ्या नशिबी काय, तर गाउटवरची (सांधे सुजण्याच्या एका आजारावरची) जुनी, स्वस्त गोळी.

"ही कशापासून करतात?" मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. रात्री फोनवर शोधलं आणि मास्कच्या आत हसू आलं. युरोपातल्या एका रानफुलाच्या कंदातून हे द्रव्य मिळतं, आणि तेच द्रव्य आपल्या कळलावीतही असतं. तमिळनाडूत त्यासाठी कळलावीची शेती करतात. आमच्या परसाच्या गडग्यावर श्रावणात तिचे वेल चढायचे. वर तांबडी, खाली पिवळी, ज्वाळेसारखी उलटी वळलेली फुलं. आजी आम्हाला तिच्या जवळ जाऊ द्यायची नाही. कंद खाल्ला तर माणूस जातो, आणि अडलेल्या बाळंतिणीला कळा आणायला सुईणी वापरायच्या म्हणून कळलावी, असं तिने सांगितलेलं. साडेचार हजार मैल लांब येऊन, साठ वर्षांनी, तेच विष मी मोजून घेत होतो: पहिल्यांदा एक मिलिग्रॅम, बारा तासांनी अर्धा, मग सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा. या औषधाने पोट बिघडतं असं कागदात लिहिलं होतं. कागद खरा निघाला. ऑक्सिजनची नळी सांभाळत खाटेशेजारच्या कमोडवर दिवसातून पाच वेळा बसणं हा विज्ञानाला माझा हातभार.

मी १५ तारखेला अजून पालथाच पडत होतो तेव्हा बातमी आली: प्लाझ्मासाठी नवी भरती थांबवली, फायदा दिसत नाही. पुढे संपूर्ण आकडे छापून आले. ११,५५८ रुग्ण. प्लाझ्मा घेतलेल्यांतले २४ टक्के अठ्ठावीस दिवसांत गेले, न घेतलेल्यांतले २४ टक्के गेले.

नवव्या दिवशी मला घरी सोडलं. आमच्या कक्षातल्या सहापैकी दोघे घरी गेले नाहीत. गुजराती आजोबा त्यातले एक.

अठ्ठावीस दिवसांचा हिशेब कसा ठेवतात याची मला उत्सुकता होती. मला कोणी बोलावलं नाही, फोन नाही, रक्त तपासणी नाही. इथे प्रत्येकाचा एक एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, क्रमांक असतो, माणूस जगला, मेला, पुन्हा भरती झाला, हे त्या क्रमांकावर आपोआप चढतं. चाचणीने तेवढंच उचललं. हजारो रुग्णांची चाचणी इतक्या लवकर उभी राहिली ती यामुळे. १९४८ साली तेव्हाच्या आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हनने ही सेवा उभी केली तेव्हा त्याच्या मनात हे नक्कीच नसेल.

या सेवेची आरती मी ओवाळत नाही. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी चौदा महिने थांबलो आहे. डॉक्टरची वेळ घ्यायला सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, आठ वाजून चार मिनिटांनी 'आजच्या वेळा संपल्या'. घरी सोडताना दिलेल्या कागदावर माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस दुप्पट लिहिला होता, तो हिने पकडला, मी नाही. पुण्यात पैसे टाकले तर संध्याकाळी एमआरआय होतो. माझे निवृत्त मित्र दिवाळीला भारतात जाऊन दात, डोळे, सगळी तपासणी उरकून येतात. मीही दातांसाठी तेच करतो. सेवा संथ आहे आणि कधी गलथान आहे. पण बिल फाडायचं नसल्यामुळे मला जास्तीचं औषध खपवण्यात त्या कक्षातल्या कोणाचा फायदा नव्हता, आणि 'ठाऊक नाही' म्हणणं त्यांना परवडत होतं, असं मला वाटतं.

५ मार्चला मुलीने दुवा पाठवला. कोल्चिसिनचा निकाल: उपयोग नाही, भरती बंद. अकरा हजारांवर रुग्ण, निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नाही, दोन्हीकडे मृत्यू सारखेच. पुढे छापून आलं तेव्हा आकडा होता ११,३४० रुग्ण, दोन्हीकडे २१ टक्के. मी चहा ठेवला आणि तो आकडा पुन्हा वाचला. कमोडचे ते दिवस फुकट गेले असं पहिल्यांदा वाटलं. ही म्हणाली, "म्हणजे तुम्हाला उगाच छळलं." अर्ध्या तासाने मला वेगळाच हिशेब सुचला. जगात कुठेतरी कोणी डॉक्टर उद्या माझ्यासारख्याला ही गोळी देणार नाही. त्याचं पोट बिघडणार नाही. त्या अकरा हजारांतला एक मी.

आणि मग एप्रिल उजाडला.

पुण्याहून पुतण्याचा फोन, इथे पहाटेचे तीन. धाकट्या भावाला खाट मिळाली होती, ऑक्सिजन लागला होता. "काका, प्लाझ्मा सांगितलाय. बी पॉझिटिव्ह. दोन पिशव्या. कोणी ओळखीचं आहे का?" मी त्याला सांगितलं की त्याचा उपयोग नाही, हे तपासून झालंय. इंग्लंडचं सोड, भारतातलंच सांगतो: आयसीएमआरने, आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, स्वतः ३९ इस्पितळांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली, ऑक्टोबर २०२०मध्ये छापली, उत्तर तेच. पलीकडून उसासा. "काका, आकडे नंतर. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिलीय. आणून दिला नाही आणि बाबांना काही झालं तर मी आईला काय सांगू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं लिहायला थोडी लाज वाटते. मी फोन ठेवला आणि माझी जुनी वही काढली. इंजिनिअरिंगचा एक वर्गमित्र, त्याचा भाचा, त्याच्या सोसायटीतला एक मुलगा. दुपारपर्यंत चिंचवडचा एक बी पॉझिटिव्ह दाता मीच मिळवून दिला. त्या मुलाने भर उन्हात रक्तपेढीत जाऊन प्लाझ्मा दिला, एक पैसा घेतला नाही. रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनांसाठी पुतण्या दोन दिवस पुणे पालथं घालत होता ते वेगळंच. डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) नोव्हेंबरमध्येच त्याची शिफारस नको म्हटलं होतं, हे मी या वेळी त्याला सांगितलंही नाही.

भावाला प्लाझ्मा २४ तारखेला चढला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ मे २०२१ला, केंद्राने प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढून टाकला. तोवर भाऊ घरी आला होता. साखर ४००वर, कारण स्टिरॉइड तापाच्या तिसऱ्या दिवसापासून, ऑक्सिजन लागायच्या कितीतरी आधी, घरीच सुरू केलं होतं. म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, बातम्या तेव्हा रोज येत होत्या. वहिनी सकाळ-संध्याकाळ त्याच्या गालाला बोट लावून 'बधिर वाटतंय का' विचारायची. सुदैवाने तसलं काही झालं नाही. ज्या औषधाने मला वाचवलं असण्याची शक्यता आहे, तेच औषध, त्याच चाचणीचं, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत असं झालं होतं. 'ऑक्सिजन लागला तरच' ही शेपटी वाटेत गळून पडली होती.

इथे एक सांगतो. आपल्याकडे असलं काम जमत नाही, हे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. १९५६ साली मद्रासला क्षयरोगाचं केंद्र निघालं, भारत आणि ब्रिटनच्या संशोधन परिषदा आणि डब्ल्यूएचओ मिळून. अर्ध्या रुग्णांना सॅनेटोरियम, अर्ध्यांना घरी गोळ्या, कोण कुठे ते सोडतीने. १९५९पर्यंत दिसलं की घरी राहून औषध घेणारेही तितकेच बरे होतात. पुढे जगभर सॅनेटोरियमं ओस पडली, ती मद्रासच्या झोपड्यांत राहणाऱ्या रुग्णांमुळे. माझ्या चुलत्यांचे मिरजेचे महिने त्याच्या थोडे आधीचे. त्यांच्या बायकोने चार मुलं एकटीने ओढली ते याच महिन्यांत.

भाऊ अजून सांगतो, मी प्लाझ्माने वाचलो. पाहुण्यांना सांगतो, रिक्षावाल्याला सांगतो. पहिली दोन वर्षं मी प्रत्येक वेळी मध्ये बोललो. चोवीस आणि चोवीस. तो म्हणायचा, "दादा, तुझे ते अकरा हजार तुझ्यापाशी. मी एकटा आहे आणि मी जिवंत आहे." आणि घोळ असा की तो एकटा कशाने वाचला, हे मला सांगताच येत नाही. कोणालाच येत नाही. मी कशाने वाचलो तेही येत नाही. चाचणी हजारांचं सांगते, तुमचं एकट्याचं नाही. मी कोल्चिसिनने वाचलो असं छाती ठोकून सांगत फिरलो असतो, जर त्या कागदावर सही केली नसती तर.

२०२३च्या सप्टेंबरात गणपतीला आम्ही दोघं भाऊ बऱ्याच वर्षांनी एकत्र गावी होतो. गौरी आणायच्या दिवशी सकाळी भाऊ गडग्यापाशी उभा होता, हातात कोयती.

"दादा, ये. तुझं औषध फुललंय बघ."

मी गुडघा सांभाळत उतरलो. वहिनी मागून ओरडली, फुलं घ्या पण मुळाला हात लावू नका, आणि हात धुऊन मगच आत या. आमच्याकडे गौरीला ही फुलं लागतात. भावाने चार तोडून माझ्या ओंजळीत दिली आणि विचारलं, "किती घेतलंस म्हणालास तेव्हा?"

"दिवसाला एक मिलिग्रॅम. आठ दिवस."

"आणि उपयोग शून्य."

"शून्य."

"माझा प्लाझ्मा बरा मग," तो म्हणाला, आणि पाचव्या फुलाकडे वाकला.